शेटे सरांचे आण्णा

माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. शेटे सर तरातरा स्टेजवर आले. नवरा-नवरीकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. थेट माझ्या व्याह्यांचा हात हातात घेतला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, "पावणं, रात्री किती वेळा उठताय?"

व्याही जयसिंगपूरचे, साधा, भला माणूस. त्यांना वाटलं दिनक्रमाची चौकशी चालली आहे. म्हणाले, "पहाटे चारलाच उठतो बघा. जुनी सवय."

"त्ये न्हवं वो. लघवीला!"

सनईचं रेकॉर्डिंग नेमकं त्याच वेळी संपलं होतं. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. माझे यजमान माझ्याकडे असे बघायला लागले, जणू या माणसाला मीच शिकवून पाठवलंय. फेटा सांभाळत व्याह्यांनी घसा खाकरला आणि बोटांवर मोजलं. "तीनदा. कधी चारदाबी."

"धार कशी हाय?"

"जरा... रेंगाळती."

"सोमवारी या," सर म्हणाले, आणि स्टेजवरून उतरून न जेवता निघून गेले.

सोमवारी व्याही गेले. प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची गाठ निघाली, अगदी सुरुवातीची. आज ते ठणठणीत आहेत, आणि दुसऱ्यांच्या लग्नात जाऊन हाच प्रश्न स्वतः विचारतात.

हा प्रश्न शेटे सरांनी कोणाला विचारला नाही ते सांगणं सोपं. केएमटी बसच्या कंडक्टरला विचारला, सिग्नल तोडला म्हणून अडवणाऱ्या पोलिसाला विचारला, मतं मागायला दारात आलेल्या उमेदवाराला विचारला. उमेदवार म्हणाला, "सर, निवडून आलो की सांगतो." सर म्हणाले, "निवडून आल्यावर अजून वाढंल. आधी दाखवून घे."

सर म्हणजे डॉक्टर दिनकर शेटे. एके काळी मूत्रविकारांचे नावाजलेले सर्जन. एक दिवस चाकू खाली ठेवला तो कायमचा, आणि आमच्या मेडिकल कॉलेजच्या मागच्या इमारतीत तीन खोल्यांची लॅब थाटली. मी तिथली टेक्निशियन. वीस वर्षं झाली. चाकू का ठेवला हे आम्ही कोणी विचारलं नाही. विचारायला माणूस एका जागी थांबायला तर हवा. त्यांच्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर फायली बसायच्या. सर मायक्रोस्कोपमध्ये उभ्यानं बघत, फोनवर चालत बोलत, आणि कोटाच्या खिशातलं भडंग मूठमूठ तोंडात टाकत जेवण उरकत. त्यांच्या कोटाच्या धुलाईतून दर आठवड्याला वाटीभर शेंगदाणे निघायचे.

लॅबचा विषय होता मूत्राशयाचा कॅन्सर आणि पेशींचं म्हातारपण. दोन्हींचा संबंध काय, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं, तेव्हा सरांनी मला खिडकीशी नेलं. समोरच्या झाडाला पार होता, पारावर चार म्हातारे बसलेले.

"ताई, ती बसल्यात बघा. काम करत न्हाईत, मरत न्हाईत. आणि बसल्या बसल्या येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांचं डोकं फिरवत्यात. करत्यात का न्हाय?"

"करतात."

"म्हाताऱ्या पेशी म्हंजे त्येच. एका वयानंतर पेशीला एकाची दोन हुता येत न्हाय. पण ती मरत बी न्हाय. नुसती बसती आणि आसपास काय काय झिरपवत ऱ्हाती. शेजारची एखादी तरणी पेशी त्यानं बिथरती. बिथरली की सुटली. त्यो कॅन्सर. कॅन्सर म्हंजे घाई, ताई. म्हातारपण म्हंजे घाई संपल्याली. दोगं शेजारी ऱ्हात्यात, हीच भानगड हाय."

वीस वर्षांत बरीच पुस्तकं चाळली. पण मला जे काही कळलं ते त्या पारावरच कळलं.

लॅबमधल्या पेशींना नंबर असतात. सर नंबर वापरायचे नाहीत. परदेशातून आलेली कॅन्सरच्या पेशींची एक जात आमच्याकडे होती, किती तरी वर्षांपूर्वी तिकडच्या एका बाईच्या गाठीतून काढलेली. जगभरच्या लॅबमध्ये ती वाढते. तिला सर 'मडम' म्हणत. आणि निरोगी पेशींची एक जात होती, इथल्याच कुणा रुग्णाच्या मूत्रनलिकेतून घेतलेली. तिला 'आण्णा'. सकाळी आल्या आल्या विचारणार, "आण्णा काय म्हंत्यात?" आम्ही म्हणायचं, "बरे आहेत, सर." आम्हाला वाटायचं, एकट्या माणसाची गंमत आहे.

आण्णांच्या पेशी थोड्या थोड्या करून काचेच्या कुप्यांत गोठवलेल्या होत्या. एक कुपी जागी करायची, वाढवायची, ती म्हातारी होताना रोज बघायची. निळा रंग देणारी एक चाचणी असते. म्हाताऱ्या पेशी त्यात निळ्या पडतात. सर ते निळेपण बघत तासभर उभे राहायचे. असं करत करत कुप्या संपत आल्या. शेवटची उरली. ती सरांनी माझ्या हातात दिली. प्रणाली म्हणून आमच्याकडे पीएच.डी. करणारी हुशार मुलगी होती, तिच्या हातात नाही. म्हणाले, "ताई, तुमचा हात थंड हाय. घाई करत न्हाय."

आता जे सांगायचंय ते मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

पेशींना दोन-तीन दिवसांनी लालसर रंगाचं ताजं पाणी घालावं लागतं, मीडियम म्हणतात त्याला. हवा गाळून येते अशा काचेच्या पेटीत हात घालून हे काम करायचं. त्या पेटीवर सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं: 'एका वेळी एकच पावणा.' म्हणजे दोन जातीच्या पेशी एकदम उघडायच्या नाहीत. एकीचं झालं की सगळं पुसायचं, थांबायचं, मग दुसरी. आणि दोघींच्या मीडियमची बाटली वेगळी. कारण एका बाटलीतून थेंबभर जरी इकडचं तिकडे गेलं, तर कॅन्सरच्या चार पेशी पुरतात. महिन्याभरात त्या दुसऱ्याचं घर बळकावतात.

त्या दिवशी चार वाजता माझ्या मुलीला बघायला जयसिंगपूरचे लोक येणार होते. माझं काम दोनला संपायला हवं होतं. तीन वाजत आले तरी संपेना. घरून फोनवर फोन. पोहे भिजवू का, साडी कुठली नेसवू. मी मडमला पाणी घातलं. पेटी पुसली नाही. तसाच आण्णांच्या पेशी वाढवलेला फ्लास्क आत घेतला, उघडला, पाणी घातलं, झाकण लावलं. आणि बाटली जागेवर ठेवताना तिच्यावरचं अक्षर दिसलं. बाटली मडमची होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सर पलीकडच्या खोलीत भडंग खात फेऱ्या मारत होते. पण ती शेवटची कुपी होती. मी स्वतःशी म्हटलं, काही होत नसतं एवढ्यानं. फ्लास्क कपाटात ठेवला, हात धुतले, रिक्षा केली. चारला पाच मिनिटं असताना घरी पोचले. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली.

महिनाभराने एका सकाळी सर मायक्रोस्कोपला डोळा लावून उभे होते. एकदम ओरडले, "आण्णा उठलं!"

फ्लास्कमध्ये पापडासारख्या पसरलेल्या, थकलेल्या पेशी होत्या, आणि त्यांच्यामध्ये लहान लहान नव्या पेशी दाटीनं वाढत होत्या. म्हाताऱ्या पेशी पुन्हा तरुण झाल्या! साठीला आलेला तो माणूस व्हरांड्यात नाचला. खरंच नाचला, लेझीम खेळल्यासारखा. पेढे आले. पारावरच्या म्हाताऱ्यांनासुद्धा वाटले. "घ्या, तुमचं बी बघतो आता," असं म्हणून.

प्रणाली शहाणी. ती हळूच म्हणाली, "सर, काही मिसळलं नसेल ना?"

सर गर्रकन माझ्याकडे वळले. "ताई, हात तुमचा. मिसळलं आसंल?"

मी म्हणाले, "नाही, सर."

दोन शब्द. एवढंच.

"ताई न्हाय म्हणाल्या म्हंजे न्हाय," सर म्हणाले. विषय संपला.

तिथून पुढचे चार महिने मी कशी जगले मलाच ठाऊक. सर जितके आनंदात, तितकी माझी तगमग. जेवण जाईना. साखरपुड्यात लोकांना वाटलं, मुलगी जाणार म्हणून आईला भरून येतंय. सर रोज येऊन विचारायचे, "ताई, तुमी कायतरी वेगळं केलंय. आठवा. तापमान? हात? तुमच्या हाताला गुण हाय वो." शोधनिबंध लिहिला, त्यात माझं नाव घातलं. मी म्हटलं, "नको, सर, मी साधी टेक्निशियन." तर केवढ्यानं ओरडले, "गप बसा! आण्णास्नी उठवलं कुणी?" याच दिवसांत लग्न झालं, आणि व्याह्यांचा हात धरून सरांनी तो प्रश्न विचारला. ज्या सोयरिकीच्या घाईत माझ्या हातून अपराध घडला होता, तिच्याच लग्नात हा माणूस माझ्या व्याह्यांचा जीव वाचवत होता. रिपोर्ट आल्यावर व्याही माझ्या पाया पडायला निघाले. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

निबंध ज्यांनी छापायचा त्यांनी कळवलं, पेशी कुणाच्या आहेत त्याची डीएनए तपासणी जोडा. नेहमीचा नियम असतो. सरांनी हसत हसत नमुना पाठवला.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघं खोलीत होतो. सरांनी पाकीट फाडलं, वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"प्रणाली, हितं काय लिवलंय?"

तिनं वाचलं. "लिंग, स्त्री."

"आण्णा बाई हायत?" सर म्हणाले. प्रणालीला हसू आलं, आणि लगेच तिचं तिनं आवरलं. खाली लिहिलं होतं की नमुना शंभर टक्के मडमचा आहे. आण्णांचं नावनिशाण नाही.

पेढ्याचा एक रिकामा बॉक्स कपाटावर होता. तो सरांनी घेतला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला. मग बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की फ्लास्क आपणच एकदा हाताळला होता, चूक आपली, निबंध मागे घेतोय. लॅबच्या नोंदवहीत, मी पाणी घातलं त्या दिवसाच्या पानावर, माझी सही होती. ती वही त्यांनी उघडलीही नाही.

प्रणाली गेल्यावर मी आत गेले. सांगितलं. बाटली, चार वाजता, पोहे, सगळं.

सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग म्हणाले, "चूक कुणाच्या हातनं बी हुती, ताई. माझ्या हातनं बी झाल्यात. पण चार महिने तुमी मला नाचताना बघत बसला."

 

मग म्हणाले, "उद्या सकाळी सीबीएसला, एसटी स्टँडवर या. मुरगूडला जायचंय."

मुरगूडला काय आहे, विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत कागल गेल्यावर त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. आण्णा ही गंमत नव्हती. आण्णा मुरगूडचे, चार एकर ऊस, दोन म्हशी. मूत्राशयाचा कॅन्सर. सरांनी ऑपरेशन केलं. त्याआधी निरोगी भागाचा एक तुकडा संशोधनासाठी मागितला, तर आण्णा म्हणाले होते, "घ्या की डाक्टर, त्येवढंच माझं नाव कॉलेजात." सरांनी त्यांना शब्द दिला होता, तुम्ही उभे राहाल. वर्षभरात कॅन्सर उलटला. आण्णा गेले. तेच सरांचं शेवटचं ऑपरेशन.

"तवापास्नं दर वर्षी त्यांच्या श्राद्धाला जातो मी. पंगतीत बसतो. आण्णांच्या घरच्या आक्का इचारतात, मालक कसं हायत? मी सांगतो, हायत, जरा म्हातारं झाल्यात. त्यास्नी बरं वाटतंय." त्यांनी तिकीट घडी करून खिशात घातलं. "मला बी."

दर वर्षी पितृपक्षात सर एक दिवसाची रजा घ्यायचे. आम्ही समजत होतो, जमिनीचं काहीतरी काम असेल.

"चार महिन्यामागं फोन केलता त्यास्नी. म्हटलं, आक्का, मालक उठलं, वाढाय लागलं. त्यांनी देवळात नारळ दिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता कुठल्या तोंडानं पंगतीत बसायचं, सांगा."

घर रस्त्यालाच होतं. आक्का पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या, पुढ्यात भरलेलं सूप. सरांना बघून चेहरा उजळला.

"या डाक्टर! ह्ये मधीच कसं काय? म्हाळाला तर अजून लई दिस हायत. आणि ह्या कोण?"

"आमच्या लॅबच्या ताई."

"बसा की ताई. कसं हायत आमचं मालक?" मिलिटरीत असलेल्या मुलाची खुशाली विचारावी तसं त्यांनी विचारलं.

सर बसले नाहीत. "न्हाईत, आक्का."

आक्कांचा हात थांबला.

"मी फोनवर सांगिटलं त्ये खोटं हुतं. मला ठावं नव्हतं, पण खोटं हुतं. वाढत हुतं त्ये दुसऱ्याच कुणाचं. आण्णांचं सगळं संपलं. शेवटची कुपी हुती. माझ्या हातनं चूक झाली."

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे न बघता नुसता तळहात वर केला. मी गप्प बसले. खरं सांगते, हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज वाटते म्हणूनच हे लिहायला बसले. चूक सरांची नव्हती. माझी होती. आक्कांना ते अजून ठाऊक नाही.

आक्कांनी पुन्हा एक शेंग उचलली, फोडली. "म्हंजे आता कायबी उरलं न्हाय?"

"न्हाय."

"बरं." दुसरी शेंग. "दुखलं आसंल का वो त्यास्नी?"

"न्हाय, आक्का. पेशींस्नी काय कळत..." सर म्हणाले, आणि वाक्य अर्धंच सोडलं. "मी त्यास्नी म्हटलंतं, उभं करतो. टेबलावर माझा हात धरलाता त्यांनी. मी म्हटलंतं..."

आणि सर रडायला लागले. हा माणूस काही हळू करतच नाही. गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायला लागली, शेजारच्या बाई दारात आल्या. आक्कांनी त्यांना हातानं जा म्हणून खुणावलं. उठून सरांचा दंड धरला आणि खांबाशी बसवलं, लहान पोराला बसवतात तसं.

"रडा," त्या म्हणाल्या. "मी कवाच रडून मोकळी झालो. तुमचंच ऱ्हायलंतं."

तांब्यातून पाणी आणून त्यांच्याजवळ ठेवलं. मग माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि आवाज उतरवून विचारलं, "ह्येंच्या घरात कोण हाय का न्हाय?"

वीस वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काम केलं होतं. कळंब्याला कुठेतरी राहतात एवढं ठाऊक होतं. दार कुठल्या बाजूला आहे, ते कोण उघडतं, कधी चौकशी केली नव्हती. 

"कुणी नसावं," मी म्हणाले.

"मग आपुनच की," आक्का म्हणाल्या, आणि शेंगांचं सूप त्यांनी तिघांच्या मध्ये सरकवलं.